चिठ्ठीची मागची बाजू

१४ जानेवारी २०१८
रुग्णालय, चौथा मजला

तोमोहिसा,

तुझा पत्ता मावशीकडून मिळाला. तिने दोनदा फोन आपटला, तिसऱ्यांदा पत्ता दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिला सांगितलं की माणूस मरायला टेकलाय, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

दहा तारखेला दुकानात पडलो. सकाळचे दाणे दळून झाले होते, कढई उकळायला लागली होती आणि छातीवर कुणीतरी दगडी जातं ठेवल्यासारखं झालं. समोरच्या न्हावी उशिजिमाने पाहिलं म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणतात, हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. छाती उघडून जोडकाम करावं लागेल. त्याआधी महिना-दोन महिने औषधं, कारण फुप्फुसं सिगारेटने खराब झालीत.

तीन पिढ्या तोफू करणारं घर. एकाहत्तर वर्षांत एक दिवस असा गेला नसेल की माझ्या पोटात सोया गेला नाही. वर्तमानपत्रात छापतात ना, सोया खा, हृदय सांभाळा! मी डॉक्टरांना तेच म्हणालो. ते हसले. मला हसणारी माणसं आवडत नाहीत, तुला माहीत आहे.

आता कामाचं. डॉक्टरांनी माझी टाचेमागची धोंडशीर चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "वडील कशाने गेले?" म्हटलं, छातीत दुखून, बावन्नाव्या वर्षी. आजोबा? तसेच. ते म्हणाले, "ही शीर बोटभर जाड झालीये. कोलेस्टेरॉल साठलंय तिथे. हा घराण्यातला आजार आहे. मुलं आहेत तुम्हाला? त्यांना सांगायलाच हवं." मग सांगतोय. रक्त तपासून घे. टाचेमागची शीर बघायला सांग. तू एकोणतीसचा असशील, उशीर झालेला नाही.

दुसरं काम. शस्त्रक्रियेच्या कागदावर जवळच्या माणसाची सही लागते. तुझ्या आईला मी विचारणार नाही. तू येऊन जा. अर्ध्या तासाचं काम.

जुनं काही उकरायला मी हे लिहीत नाही. दोन्ही बाजूंनी झालं ते झालं. तू माझ्यावर फळी उगारलीस, माझं गळ्याजवळचं हाड मोडलंस, त्या झटापटीत कढई कलंडून तुझाच हात भाजला. तू अकरा महिने सुधारगृहात काढलेस, मी अजून थंडीत डावा हात वर नेऊ शकत नाही. फिटलं.

कुनिमित्सु तेरासाका
(बाप असं लिहिलं नाही, तू चिडशील म्हणून.)


३ फेब्रुवारी २०१८
घर

तोमोहिसा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, तरी रोज टपालपेटी उघडतो.

रुग्णालयातून सोडलंय, पण कढई चढवायला मनाई आहे. दुकान बंद. दाण्यांच्या पोत्यांजवळ बसून राहतो. हात काय करावं ते विसरलेत.

सुटायच्या आदल्या दिवशी विद्यापीठातून एक बाई आली होती. मियाबे नाव, पस्तिशीची. तुला आठवत असेल, तू अकरावीत होतास तेव्हा आपल्या गल्लीत तपासणी झाली होती. तीन दिवस सगळ्यांनी सोया खायचा आणि चौथ्या दिवशी बाटलीत लघवी द्यायची. घरोघर हसाहशी झाली होती. त्याच तपासणीची माणसं आता बारा वर्षांनी बघत फिरताहेत, की कुणाच्या हृदयाचं काय झालं. माझं नाव यादीत होतं, मी आयता खाटेवर सापडलो.

तिने समजावलं ते असं. सोयाच्या दाण्यात एक द्रव्य असतं. ते आतड्यात गेलं की तिथले काही जंतू त्याचं दुसरं द्रव्य बनवतात, त्याला इक्वॉल म्हणतात. ज्याच्या आतड्यात ते जंतू राहतात त्याचंच इक्वॉल बनतं. आपल्याकडे निम्म्या लोकांचं बनतं, निम्म्यांचं नाही. ज्यांचं बनतं त्यांच्या रक्तवाहिन्या जास्त दिवस लवचिक राहतात असं दिसतंय. दिसतंय, असंच ती म्हणाली, खात्रीने नाही. माझं बनत नाही. तेव्हाही उणे होतं, आताही उणेच.

मी म्हटलं, "म्हणजे सत्तर वर्षं खाल्लेला तोफू वाया गेला?"

"वाया नाही, तेरासाकासान. पण तुमच्या नळ्या इक्वॉल नाही म्हणून तुंबल्या असं समजू नका. तुमचं घराण्यातलं कोलेस्टेरॉल आहे, चाळीस वर्षांच्या सिगारेटी आहेत. इक्वॉल हा एक लहानसा भाग."

मग मी तिला विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. म्हटलं, बापाचं उणे आणि पोराचं अधिक, असं का होतं?

ती म्हणाली, "त्यात काय? जंतू आहेत ते, रक्त नाही. आईच्या जवळ राहून, तिच्या हातचं खाऊन मुलाकडे आले असतील. एकाच घरात एकाचं अधिक आणि एकाचं उणे असं नेहमी सापडतं. नात्याशी त्याचा काही संबंध नाही."

आणि मी तिचं मनगट धरलं.

का धरलं ते मला सांगता येत नाही. पेन खाली पडलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "सोडा." मी सोडलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने घंटी दाबली, वॉर्डातला एक दांडगा सेवक आला आणि त्याने माझी बोटं एकेक करून उघडली. तिच्या मनगटावर चार वळ उठले होते. मी आजारी आहे, छातीत तीन नळ्या बंद आहेत, आणि तरी माझ्या हातात एवढा जोर आहे.

पुढचे प्रश्न तिने दाराशी उभं राहून विचारले. जाताना म्हणाली, "तुमची बायको आणि मुलगाही यादीत होते. ते कुठे असतात?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

सहीचं काय करतोयस ते कळव. आणि टाच दाखव.

कु. ते.


११ मार्च २०१८

तोमो,

पाच वेळा लिहून फाडलं. हे सहावं. आता फाडणार नाही, कारण उद्या वकिलाकडे जातोय आणि तिथे हेच सांगणार आहे; आधी तुला कळायला हवं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू फळी उगारलीस, कढई कलंडली. ते खोटं आहे. पोलिसांना सांगितलं ते हेच होतं. बारा वर्षं इतक्या वेळा सांगितलं की मलाही तेच दिसायला लागलं होतं. पण त्या बाईच्या मनगटावरचे वळ पाहिल्यापासून ते दिसत नाही. दुसरं दिसतं. ते लिहितो.

नोव्हेंबरचा रविवार. देवळाच्या सभागृहात गल्लीची बैठक होती. दुपारचं जेवण, साके, आणि तपासणीच्या चिठ्ठ्या वाटायच्या होत्या. उशिजिमाने सगळ्यांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, वाचायच्या नव्हत्या तरी. माझी आली तेव्हा ओरडला, "अरे, तोफूवाल्याचंच उणे! कुनिमित्सु, तुझ्या पोटात काही पिकतच नाही रे!" सगळे हसले. मीही हसलो. मग तुझ्या आईची, फुसाएची चिठ्ठी, अधिक. तुझी, अधिक. मग कोपऱ्यावरच्या मासेवाल्या ओकाझोएची, अधिक. उशिजिमा म्हणाला, "आता बघा! माय-लेकराचं जुळतंय, आणि मासेवाल्याचंही जुळतंय. फुसाएबाई मासे कुठून आणतात, कळलं का?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओकाझोए लाल झाला, म्हणाला, "उशिजिमा, जीभ आवर." मी प्याला खाली ठेवला आणि निघालो.

हे सगळं गावाला माहीत आहे. मी बायकोला का मारलं असं कुणी कुजबुजलं की मी हेच सांगायचो, आणि लोक मान हलवायचे. बिचारा, त्याच्या जागी कोणीही असता.

आता गावाला माहीत नाही ते.

देवळाच्या पायऱ्या उतरून मी सिगारेट पेटवली आणि चिठ्ठी उलटून पाहिली. मागे छापलेलं होतं: हा निकाल आतड्यातील जंतूंवर अवलंबून आहे. तो आनुवंशिक नाही. एका कुटुंबातील व्यक्तींचे निकाल वेगवेगळे असू शकतात. त्यावरून नात्याविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

मी दोनदा वाचलं. अक्षरं मोठी होती. मला साके चढली नव्हती. मी चिठ्ठीची चार घड्या करून खिशात टाकली आणि घरी आलो.

मला माहीत होतं, तोमो. घरात शिरताना मला पूर्ण माहीत होतं की तू माझा आहेस आणि फुसाएने काही केलेलं नाही.

त्याच्या आठवडाभर आधी तिने मला सांगितलं होतं, "तोमोला तोफू करायचा नाहीये. त्याला बाहेर शिकायला जाऊ द्या. अहो, एवढं एकच मागते." तेव्हापासून मी रोज तिच्याकडे बघत होतो आणि माझ्या हाताला कारण सापडत नव्हतं. त्या दिवशी उशिजिमाने ते सगळ्यांसमोर, हसत हसत माझ्या हातात दिलं.

आधीही मारायचो. तुला माहीत नाही असं मला वाटायचं. दूध गाळायचं कापड ओलं पिळून घट्ट करायचो आणि पाठीवर. वळ राहत नाही, आवाजही होत नाही. ती कापडं रात्री तीच धुऊन दोरीवर टाकायची.

त्या दिवशी कापड नव्हतं. हाताने. डाव्या कानावर, मोजले नाहीत. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि कानावर हात धरून म्हणाली, "अहो, तो वर आहे. त्याच्यासमोर नको." मी म्हटलं, "कोणाचा तो? मासेवाल्याचा?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की माझाच यावर विश्वास नाही. ती ते ओळखायची. ते बघून मी आणखी पिसाळलो.

संध्याकाळच्या तोफूसाठी कढईत सोयाचं दूध उकळत होतं. लांब दांड्याचा डाव मी भरून घेतला. अपघात नव्हता. मी तो तिच्या तोंडावर फेकला. तू जिन्यावरून उडी मारून मध्ये आलास आणि उजवा हात आडवा धरलास. तू ओरडलास ते "आई" होतं. उकळतं सोयाचं दूध पाण्यासारखं ओघळून जात नाही. चिकटतं. तू ते झटकायला लागलास तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही निघाली.

मग तू पोत्यांमागे सरकलास. मी तुला घोट्याला धरून बाहेर ओढलं. माझ्या मुठीत तुझी टाचेमागची शीर आली. जाड, दोरखंडासारखी. माझी तशीच आहे, माझ्या बापाची तशीच होती. लहानपणी मी त्याचे पाय चेपायचो. डॉक्टरांनी बोट लावायच्या बारा वर्षं आधी मला ती माहीत होती. तुला ओढताना मी स्वतःचाच पाय धरल्यासारखं वाटलं. आणि तरी ओढलं. आणि लाथ मारली, दोन, बरगड्यांवर.

त्यानंतर तू फळी घेतलीस. एकदाच मारलीस, एका हाताने. मी पडलो. दुसऱ्यांदा उगारली होतीस आणि मारली नाहीस. मी खालून बघत होतो. तू फळी टाकलीस, आईला उठवलंस आणि नळाखाली हात धरून रडायला लागलास.

पोलिसांना मी बोलावलं. माझं हाड मोडलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. उशिजिमा म्हणाला, पोरगा तापटच आहे. न्यायाधीशांनी तुला विचारलं तेव्हा तू खरं सांगितलंस. मग फुसाएला विचारलं, आणि ती गप्प बसली.

तुला वाटत असेल, आई का गप्प बसली. बारा वर्षं तुझ्या मनात ते असेल. ते तुला कळावं म्हणूनच मी आज लिहायला बसलो, बाकी सगळं वकिलाच्या कागदातून कळलंच असतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "तू तोंड उघडलंस तर तो सुटून घरी येईल. आणि घरी आला की मी त्याला कढईत बुडवीन. तिथे आत तरी जिवंत राहील." तिने माझ्याकडे पाहिलं. यावर मात्र माझा विश्वास आहे, हे तिने ओळखलं. म्हणून गप्प बसली. तू अकरा महिने आत होतास तेव्हा ती रोज तुझ्या खोलीची फरशी पुसायची. तू सुटलास त्या दिवशी फाटकाशी तुला घ्यायला आली आणि तिथूनच तुम्ही दोघं गेलात, परत घरी आला नाहीत. तिने हे तुला सांगितलं नसेल. अशा गोष्टी ती सांगत नाही.

क्षमा वगैरे शब्द मी लिहिणार नाही. माझ्या तोंडी ते बरे दिसत नाहीत. सहीचंही विसर.

टाचेचं मात्र विसरू नकोस.

कुनिमित्सु


८ एप्रिल २०१८

तोमो,

सोबत वकिलासमोर लिहून दिलेल्या जबानीची प्रत आहे. मूळ न्यायालयात पाठवली. वकील म्हणाले, इतक्या वर्षांनी माझ्यावर खटला होणार नाही, पण तुझ्या नावावरचा डाग पुसायचा असेल तर हा कागद उपयोगी पडेल. ते तू ठरव.

काल गल्लीची वसंतातली बैठक होती, त्याच सभागृहात. मी जबानी मोठ्याने वाचली. डबे उघडले होते, बायका चहा ओतत होत्या. मी "मला माहीत होतं" या वाक्यापर्यंत आलो तेव्हा चहा ओतायचा थांबला.

वाचून झाल्यावर उशिजिमा म्हणाला, "आता हे कशाला, कुनिमित्सु? मरायच्या आधी पाटी कोरी करतोयस का? तेव्हा मी गंमत केली होती रे."

"तू गंमत केलीस," मी म्हटलं. "मी काय केलं ते वाचलं."

ओकाझोए मागच्या रांगेत होता. तू गेलास तेव्हा त्याचे केस काळे होते, आता सगळा पांढरा झालाय. तुम्ही गेल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात मी त्याला पुलावर गाठून त्याचे पुढचे तीन दात पाडले होते. लोक बघत होते आणि कुणी अडवलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं माझा तो हक्क आहे. त्याने तक्रार केली नाही. त्याचं गिऱ्हाईक तुटलं, तरी तो इथेच राहिला.

तो उठला. खुर्च्यांमधून वाट काढत आला, घाई नाही. समोर उभा राहिला आणि म्हणाला, "चष्मा काढ."

मी काढला.

पहिला ठोसा जबड्यावर बसला. मासे तोडणाऱ्याचा हात आहे. दुसऱ्याने मी घडीच्या खुर्च्यांवर पडलो, त्या माझ्यावर कोसळल्या. तोंडात रक्त आलं. चार जणांनी त्याला धरलं. तो ओरडत नव्हता, साध्या आवाजात बोलत होता.

"सोडा मला. एवढ्याने भागत नाही याचं." मग मला म्हणाला, "माझ्या बायकोने, साओरीने, मला सहा वर्षं रोज विचारलं. जेवताना, अंथरुणावर, दवाखान्यात. 'खरं सांगा, तो पोरगा तुमचा का?' मी पाया पडून सांगितलं, नाही गं. शेवटच्या दिवशी नळ्या लावलेल्या होत्या, बोलता येत नव्हतं, तर पाटीवर लिहून विचारलं. तू चिठ्ठीची मागची बाजू वाचली होतीस? वाचली होतीस ना? मग आता तिला कोण सांगणार? बोल! जाऊन सांगतोस? जा, सांग तिला!"

आणि त्याने धरणाऱ्यांच्या हातांतून सुटून मला लाथ मारली. छातीत कळ आली. मी जिभेखाली गोळी ठेवली. एक बाई म्हणाली, "अहो, पुरे, मरेल तो." ओकाझोए म्हणाला, "मरू दे की." पण थांबला. तिथेच जमिनीवर बसला आणि डोकं गुडघ्यात घातलं. त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणी पुढे झालं नाही. लाज वाटत असावी सगळ्यांना.

उशिजिमा मला दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत म्हणाला, "मी त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला नको होत्या." मी सुजलेल्या तोंडावर रुमाल धरून बसलो होतो.

दोन दात गेले. शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे गेली.

कुनिमित्सु


२९ एप्रिल २०१८
रुग्णालय

तोमो,

तू येऊन गेलास त्याला चार दिवस झाले. तू म्हणालास की पुन्हा लिहू नका. हे एकच लिहितो आणि थांबतो, कारण शेवटी जे झालं त्याबद्दल, तू दार लावून निघून गेलास म्हणून, मला बोलता आलं नाही.

दुपारचे दोन वाजले होते. मी तुला ओळखलं नाही. दारात एक उंच माणूस उभा, मला वाटलं विम्याचा असेल. तू म्हणालास, "तेरासाका कुनिमित्सु तुम्हीच का?" तुला माहीत होतं मीच, तरी विचारलंस. आवाज माझ्या बापाचा.

तू बसला नाहीस. म्हणालास, "तपासणी केली. माझंही तसंच आहे. डॉक्टर म्हणाले, चाळिशीत झटका आला असता. मुलीचंही तसंच निघालं, चार वर्षांची आहे."

मी म्हटलं, "औषध?"

"मला चालू केलंय. तिला जरा मोठी झाल्यावर." मग थांबलास. "तेवढ्यापुरते आभार. तेवढ्याचेच."

मग तू उजवी बाही कोपरापर्यंत वर केलीस आणि म्हणालास, "बघा." मी बघितलं. "नीट बघा." मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वितळून गोठलेल्या मेणासारखी. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. तू म्हणालास, "मुलगी विचारते, बाबा, हे काय? मी सांगतो, कढई सांडली. तुमचीच गोष्ट सांगतो तिला. दुसरी सांगता येत नाही."

तू बाही खाली ओढलीस.

तू म्हणालास, "आईला विचारलं मी. तुमचं तिसरं पत्र आलं त्याच रविवारी. बारा वर्षं मी तिच्याशी नीट बोललो नव्हतो, माहीत आहे तुम्हाला? एका घरात राहून. तिचा डावा कान गेलाय, तर मी मुद्दाम डाव्या बाजूने बोलायचो. तिला विचारलं, त्यांनी असं म्हटलं होतं का, कढईत बुडवीन म्हणून? ती भाजी चिरत होती. 'हो' म्हणाली. म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, 'तुला आत्ताच कुठे झोप लागायला लागली होती.'"

तू खिडकीकडे तोंड केलंस. मग वळून म्हणालास, "ती तुम्हाला भेटणार नाही. पत्रं वाचणार नाही. मी सही करणार नाही. मुलीचं नाव सांगणार नाही. हे सगळं ऐकलंत?"

मी म्हटलं, "ऐकलं."

"तुम्हाला मारावं म्हणून आलो होतो. गाडीत सगळी तयारी केली होती मनाची. पण तुम्ही एवढे..."

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. पाण्याचा पेला बाजूच्या टेबलावर, तुझ्या जवळ. मी तो घ्यायला उजवा हात उचलला.

आणि तू दोन्ही हात डोक्यावर घेतलेस.

एवढा मोठा माणूस. माझ्यापेक्षा वीतभर उंच, एका पोरीचा बाप. खांदे वर, मान आत, भाजलेला हात पुढे, डोळे गच्च मिटलेले. भिंतीपर्यंत मागे सरकलास. दारातली परिचारिका जागच्या जागी थांबली. माझा हात तसाच हवेत राहिला. मला तो खाली घ्यायचं सुचेना, कारण मी हलवला असता तर तू आणखी दबला असतास.

मग तू डोळे उघडलेस, पेला पाहिलास, माझ्याकडे पाहिलंस आणि निघून गेलास.

मला तेव्हा सांगायचं होतं की मी फक्त पाणी घेत होतो. पण ते सांगून काय होणार होतं? तुझ्या अंगाला माझा हात जितका माहीत आहे तितका मलाही माहीत नाही.

उद्या शस्त्रक्रिया आहे. जवळच्या माणसाच्या सहीच्या जागी 'कोणी नाही' असं लिहिलं. रुग्णालय म्हणालं, तसंही चालतं. काही बरंवाईट झालं तर तुला फोन करायचा नाही, मावशीलाही नाही, हेही लिहून दिलंय. तो फोन घेताना तुझ्या घरात मुलगी जवळ असेल, आणि तिला काय झालं म्हणून सांगणार तू?

मियाबेबाईंचं पत्र आलंय. तुला आणि फुसाएला पुढच्या तपासणीत यायचं असेल तर यावं, नाही तर नाही, पुन्हा माझ्यामार्फत विचारणार नाहीत. मी त्यांना माफीचं लिहिलं होतं, मनगटाचं. त्यावर त्यांनी काही लिहिलेलं नाही. बरोबर आहे.

फुसाएशी उजव्या बाजूने बोल.

कुनिमित्सु